धूमकेतूचा गोळा दाबून करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत धूमकेतूंवर जो लेख आला, त्यात केंद्रकाचे, म्हणजे धूमकेतूच्या मधल्या घन भागाचे, वर्णन 'बर्फ आणि मातीचा घट्ट गोळा' असे केले आहे. खाली मुलांसाठी असा गोळा घरी करण्याची कृतीही दिली आहे. लेख चांगलाच आहे. शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला का असते, हे इतक्या सोप्या शब्दांत क्वचित वाचायला मिळते. आमची हरकत आहे ती 'घट्ट' या एकाच शब्दाला. पण तो शब्द साधा नाही. केंद्रक आतून कसे आहे आणि ते कसे जुळले, याबद्दल गेल्या चाळीस वर्षांत जे हाती आले ते सगळे त्या शब्दाच्या विरुद्ध जाते. शिवाय कृतीही त्याच शब्दावर उभी आहे, आणि विज्ञान प्रदर्शनांच्या दिवसांत ती शाळाशाळांतून जशीच्या तशी उतरते. म्हणून हे पत्र, जरा लांबलचक.

बर्फगोळ्याची कल्पना फ्रेड व्हिपल यांची, १९५० सालची. एन्केचा धूमकेतू दर फेरीला वेळापत्रकापेक्षा थोडा आधी येत असे. केंद्रक घन असेल, त्यातला बर्फ उन्हाने वायू होऊन एका बाजूने फुसांडत असेल, तर त्या रेट्याने कक्षा हळूहळू सरकेल, असा त्यांचा तर्क होता. तो बरोबर निघाला. मात्र गोळा किती घट्ट, याबद्दल त्या तर्कात काही नव्हते. 'मळलेला बर्फाचा गोळा' हे नाव रूढ झाले आणि त्याबरोबर हाताने आवळलेल्या गोळ्याचे चित्र डोक्यात बसले. आपल्याकडे तर उन्हाळ्यात गोळेवाला रंध्यावर बर्फ किसून तो मुठीत आवळतो, काडी खुपसतो, ते चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतेच.

या चित्रातला पांढरेपणा आधी गेला. मार्च १९८६ मध्ये जोत्तो यान हॅलेच्या धूमकेतूच्या केंद्रकापासून ५९६ किलोमीटरवरून गेले आणि दिसला तो साधारण १५ किलोमीटर लांब, ८ किलोमीटर रुंद, काळाकुट्ट बटाटा. पडलेल्या उजेडातला जेमतेम ४ टक्के तो परत फेकत होता. उमरेडच्या खाणीतला दगडी कोळसा साधारण तेवढाच काळा. आपल्या लेखासोबतच्या चित्रात केंद्रक निळसर-पांढरे रंगवले आहे, तेही खटकले. पण चित्रकाराला काळ्यावर काळे काढायला सांगणे अवघड, हे मान्य.

घट्टपणाचा निकाल लागायला रोझेटा यानाची वाट पाहावी लागली. ६ ऑगस्ट २०१४ ला ते ६७पी चुर्युमोव-गेरासिमेंको या धूमकेतूजवळ पोचले आणि ३० सप्टेंबर २०१६ पर्यंत त्याच्याबरोबर राहिले. धूमकेतूच्या ओढीने यानाच्या वेगात जो बारीक फरक पडे, तो त्याच्या रेडिओ लहरींच्या वारंवारतेतल्या फरकावरून मोजला गेला. त्यातून वस्तुमान निघाले सुमारे ९९८ कोटी टन. सगळ्या बाजूंनी घेतलेल्या छायाचित्रांवरून आकार बांधला, घनफळ आले १८.७ घन किलोमीटर. भागाकार केला की घनता येते घनमीटरला सुमारे ५३३ किलो. म्हणजे एक लिटरच्या डब्यात ५३३ ग्रॅम. निव्वळ, भेग नसलेला बर्फसुद्धा लिटरला ९२० ग्रॅम भरतो, आणि यात तर बर्फाहून जड अशी खनिज धूळ आहे.

मग रिकामी जागा किती? हे गणित नववी-दहावीच्या मुलांना जमण्यासारखे आहे. धूळ आणि बर्फ यांचे वजनी प्रमाण ४ ला १ धरू, धुळीच्या कणांची घनता २६००, बर्फाची ९२०. एक किलो मिश्रणात ०.८ किलो धूळ आणि ०.२ किलो बर्फ. दोहोंचे घनफळ वेगवेगळे काढून बेरीज केली की पोकळी नसलेल्या मिश्रणाची घनता १९०० च्या आसपास येते. प्रत्यक्षात आहे ५३३. म्हणजे १०० भागांपैकी ७२ भाग मोकळे. धूळ आणि बर्फ निम्मे-निम्मे धरले तर पोकळी ६० टक्क्यांच्या थोडी वर उतरते. तेव्हा पोकळीचा आकडा प्रमाणावर हलतो, हे खरे. पण कोणतेही समंजस प्रमाण घ्या, निम्म्याहून जास्त धूमकेतू म्हणजे रिकामी जागाच निघते.

ही रिकामी जागा गुहांच्या रूपात आहे का, हा पुढचा प्रश्न. तसे दिसत नाही. गुरुत्वाच्या मोजमापात मोठी पोकळी उघड झाली असती. शिवाय (६७पी हा एक मोठा आणि एक छोटा असे दोन पिंड मानेने जोडल्यासारखा आहे) फिले हा छोटा उतरक्या पृष्ठभागावर असताना रोझेटाने पलीकडच्या बाजूने ९० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी छोट्या पिंडाच्या काही भागातून आरपार पाठवून पाहिल्या. घन बर्फात अशा लहरी बऱ्याच मंदावतात, कारण त्याचा परावैद्युतांक, म्हणजे पदार्थ अशा लहरींना किती मंदावतो ते सांगणारा आकडा, ३ च्या वर आहे. इथे तो १.२७ च्या आसपास आला. निर्वातासाठी तो १ असतो. लहरी फारशा विखुरल्याही नाहीत. म्हणजे निदान त्या भागात काही मीटरांहून मोठे धोंडे किंवा तेवढ्या मोठ्या पोकळ्या नाहीत. सगळीकडे सारखाच, बारीक भुसभुशीतपणा.

इथे बुंदीच्या लाडवाची आठवण ठेवावी. बुंदी स्वतः आतून जाळीदार, आणि बुंदी-बुंदीमध्ये पुन्हा फटी. सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या मूळ तबकडीत धुळीचे कण एकमेकांना चिकटत मिलिमीटर-सेंटिमीटरच्या खड्यांएवढे झाले. त्यापुढे नुसते चिकटणे थांबते. खडे आदळले की उसळतात किंवा फुटतात. असे खडे वायूच्या प्रवाहात एकमेकांच्या आडोशाने दाट थव्यात गोळा होतात आणि थवा पुरेसा दाट झाला की स्वतःच्या ओढीने अलगद कोसळून त्याचा पिंड बनतो, असा आजचा एक मजबूत विचार आहे. यात प्रत्येक खडा आतून ४० टक्के भरलेला आणि खड्यांची रास ६० टक्के भरलेली धरली तर ०.४ गुणिले ०.६, म्हणजे ०.२४. उरलेले ७६ टक्के मोकळे. वर निघालेल्या ७२ शी हे पुरेसे जुळते. फरक एवढाच की लाडूवाला बुंदी पाकात घालून मूठ आवळतो. धूमकेतूला मूठ आवळणारे कोणी नाही.

गुरुत्व का आवळत नाही? कारण ते नावालाच आहे. ६७पी एवढ्या घनफळाचा गोल धरला तर त्याची त्रिज्या १.६५ किलोमीटर भरते, आणि त्याच्या ऐन मध्यभागी वरच्या सगळ्या थरांचा दाब होतो साधारण १०० पास्कल. पातेल्यात एक सेंटिमीटर पाणी ओता. तळावर जेवढा दाब पडेल तेवढा. दीड किलोमीटर खोलीवर तेवढाच! एवढ्याशा दाबाने खड्यांमधल्या फटी बुजत नाहीत. याउलट त्याच घनतेचा, १०० किलोमीटर व्यासाचा पिंड घेतला तर केंद्रातला दाब हजारपटीने वाढून आपल्या हवेच्या दाबाएवढा होतो, आणि तिथे फटी दबायला लागतात. शिवाय तो लवकर बनला असेल तर त्यातल्या ॲल्युमिनियम-२६ च्या किरणोत्सारी उष्णतेने आतला बर्फ तापला, हलला असता. त्या ॲल्युमिनियमचे अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षेच, म्हणून 'लवकर' हा शब्द महत्त्वाचा.

आता टकरींबद्दल. लेखात 'प्रचंड वेगाच्या टकरींतून धूमकेतू घडले' असे वाक्य आहे. विदर्भातल्या वाचकाला टक्कर म्हटले की लोणार आठवणार, आणि साहजिकच आहे. बेसॉल्टच्या कातळात जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आलेल्या पाषाणाने पाडले. कातळ वितळला, काही ठिकाणी त्याची काच झाली. धूमकेतूचे दोन पिंड अशा वेगाने भेटले असते तर आज पाहायला काही उरलेच नसते. सेकंदाला ५ किलोमीटर वेगाला दर किलोमागे सव्वा कोटी ज्यूल ऊर्जा असते आणि एक किलो बर्फाची वाफ करायला सुमारे २८ लाख पुरतात.

६७पीचे दोन पिंड भेटले ते सेकंदाला साधारण एका मीटरने, म्हणजे सकाळी फुटाळा तलावाच्या काठाने रमतगमत फिरणाऱ्या माणसाच्या वेगाने. हा आकडा हवेतला नाही. या धूमकेतूवरून सुटून जायला लागणारा वेग जवळपास तेवढाच आहे. दोन पिंड नुसत्या एकमेकांच्या ओढीने जवळ आले तर त्याच सुमाराच्या वेगाने भेटतात. टकरीच्या जागी दाब किती, याचा ढोबळ अंदाज घनता गुणिले वेगाचा वर्ग. एक मीटरला ५३३ पास्कल, दहा मीटरला ५३ हजार. वेग दसपट तर दाब शंभरपट. केंद्रकाच्या पदार्थाची ताकद काही पास्कलांपासून फार तर शंभरेक पास्कलांच्या घरातली; म्हणून एका मीटरच्या वेगालाही संपर्काच्या जागी थोडा चुरा होतो, पण पिंड शाबूत राहतो. दहा मीटरला तो पसरतो, आणि दोन गोल व मधली मान असा आकार टिकणे कठीण होते. उष्णतेचा तर प्रश्नच नाही: एक मीटरच्या टकरीत दर किलोमागे अर्धा ज्यूल, त्याने बर्फ अंशाच्या हजाराव्या भागाएवढाही तापत नाही.

हळू टकरीचा सगळ्यात देखणा पुरावा थरांत आहे, आणि तो समजायला नागपूरकराला लांब जावे लागत नाही. सीताबर्डीच्या टेकडीत आणि टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचा पातळ थर सापडतो, जीवाश्मांसह. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्येच त्याबद्दल लिहिले. थर पाहून खालचे आधीचे, वरचे नंतरचे, हे आपण सांगतो. आणि थर कोणत्या पृष्ठभागाला समांतर आहेत त्यावरून ते कशावर बसले हेही सांगतो. ६७पीच्या कड्यांवर, खड्ड्यांच्या भिंतींवर असेच थर दिसतात, काही ठिकाणी सलग शेकडो मीटर जाडीचे. मात्तेओ मासिरोनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्या थरांचे कल मोजून ते आत कसे जात असतील याचा हिशेब मांडला. दोन्ही पिंडांभोवती एकच कांदा असता तर मानेपाशी थर एका पिंडातून दुसऱ्यात सलग गेले असते. तसे नाही. मोठ्या पिंडाचे थर मोठ्या पिंडाभोवती वळतात, छोट्याचे छोट्याभोवती. दोन वेगळे कांदे. ते आधी वेगवेगळे वाढले, थरांसकट तयार झाले, आणि मग इतक्या हळू टेकले की एकाचेही थर विस्कटले नाहीत.

१ जानेवारी २०१९ ला न्यू होरायझन्स यानाने नेपच्यूनच्या पलीकडचा ॲरोकोथ जवळून पाहिला. सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा, तोही दोन पिंडांचा, मान शाबूत, खड्डे मोजके. सूर्याच्या जवळ तो कधी आलेलाच नाही, त्यामुळे हा आकार उन्हाने झिजून झाला असे तिथे म्हणता येत नाही.

इथवर आम्ही ठामपणे लिहिले. पुढच्या मुद्द्यावर मात्र तज्ज्ञांतच भांडण आहे, आणि लेखात ते यायला हवे होते असे आम्हाला वाटते, कारण विज्ञान कसे चालते ते मुलांना अशा भांडणातच दिसते. आज आपल्याला दिसणारे केंद्रक हे सुरुवातीचे जसेच्या तसे उरलेले पिंड आहेत, की एखाद्या मोठ्या पिंडाच्या चुराड्यातून पुन्हा गोळा झालेले तुकडे?

पहिल्या बाजूचा भर जपून राहिलेल्या नाजूक गोष्टींवर आहे. ६७पीमधून कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन, आरगॉन निघताना सापडले. कार्बन मोनॉक्साइडचा शुद्ध बर्फ उणे २४८ अंशांच्या आसपासच निर्वातात उडून जायला लागतो. ऑक्सिजनचे रेणूही सापडले, ज्याची फारशी कोणाला अपेक्षा नव्हती. रोझेटाच्या धूळमापक यंत्रणेला असे काही कण मिळाले, ज्यांची सरासरी घनता घनमीटरला एक किलोपेक्षाही कमी होती. आपली हवा १.२ किलो असते. कोळ्याच्या जाळ्याहून विरळ असे हे कण जोराच्या एका टकरीत चिरडले असते. ब्योर्न डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हीच बाजू मांडली.

दुसरी बाजू मोजणीची. हान्स रिकमन, अलेस्सांद्रो मोर्बिडेली यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की नेपच्यूनपलीकडच्या मूळ तबकडीत वस्तू इतक्या दाट होत्या की, ती तबकडी विस्कटायला सुमारे ४० कोटी वर्षे लागली असतील तर ६७पी एवढ्या आकाराचा पिंड टकरींतून सुखरूप सुटणे जवळपास अशक्य. याला आडवा प्रश्न असा, की मग तो तुकडा असेल तर तो तापला, दबला कसा नाही? त्याचे उत्तर स्टीफन श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या संगणकीय प्रारूपांत आहे. मोठ्या पिंडाचा चुराडा होतो तेव्हा धक्क्याचा खरा मार आदळण्याच्या जागेजवळच्या पदार्थाला बसतो आणि तो दूर फेकला जातो. लांबच्या बाजूचे तुकडे जवळपास थंडच राहतात, सेकंदाला मीटरभराच्या वेगाने एकमेकांपासून सुटतात आणि पुन्हा हळूच जुळतात, कित्येकदा दोन पिंडांच्या आकारात. म्हणजे जोराची टक्करही आहे आणि हळू टेकणेही.

आमचा कल पहिल्या बाजूकडे थोडा अधिक आहे, त्या विरळ कणांमुळे. पण थोडाच. निकाल कशावर लागेल ते सांगता येते: तबकडी किती काळ टिकली यावर. लेखातले 'प्रचंड वेगाच्या टकरींतून' हे वाक्य दोन्ही बाजूंना बसत नाही.

मग केंद्रकावर फिलेला टणक जमीन कशी लागली, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. १२ नोव्हेंबर २०१४ ला फिले पहिल्यांदा टेकला, त्याचे भाले सुटले नाहीत, वरून दाबून धरणारी फुंकणीही चालली नाही, आणि तो उसळून जवळपास दोन तास तरंगत पुढे गेला. शेवटी ज्या सावलीच्या जागी स्थिरावला तिथे खिळा ठोकणाऱ्या उपकरणाला जमीन काही हटेना. तिची ताकद २० लाख पास्कलांच्या वर असावी. पण वाटेत दुसऱ्यांदा टेकला तेव्हा त्याने बर्फमिश्रित धुळीत जो ठसा उमटवला, त्यावरून तिथली ताकद १२ पास्कलांपेक्षा कमी निघाली. दुधाच्या फेसाहून मऊ! दोन्ही खरे. उन्हाने आतला बर्फ वाफ होतो, ती वाफ वर येताना थंड कणांच्या सांध्यांवर पुन्हा गोठते, सांधे जाड होतात, आणि पातळ कवच टणक बनते. कवचाखाली मऊच. वर पापुद्रा आलेली खीर आत पातळच असते, तसे.

ताकद एवढी कमी असण्याचे आणखी दोन पुरावे, थोडक्यात. ४ जुलै २००५ ला डीप इम्पॅक्ट यानाने टेम्पल-१ या धूमकेतूवर ३७० किलोंचा गोळा सेकंदाला १०.३ किलोमीटरने आदळवला. उडालेली धूळ इतकी बारीक आणि इतकी दाट होती की यानाला खड्डा दिसलाच नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये दुसरे यान, स्टारडस्ट, तिथून गेले तेव्हा साधारण १५० मीटरचा पुसट खड्डा दिसला. आणि १९९२ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू गुरूजवळून गेला तेव्हा नुसत्या भरती-ओहोटीच्या ताणाने त्याची तुकड्यांची माळ झाली. १९९४ च्या जुलैत ती माळ गुरूवर आदळली, हे अनेकांना आठवत असेल. तो ताण इतका क्षीण असतो की साधा बर्फाचा घन गोळा त्याने तुटत नाही.

आता कृती. लेखातली कृती अशी: प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, माती, चमचाभर अमोनिया, थोडा पाक, वर कोरड्या बर्फाचा चुरा; मग हातमोजे घालून पिशवी आवळायची. दिसायला फार छान, धूर निघतो, टाळ्या पडतात. पण इथे द्रवरूप पाणी कणांच्या फटीत शिरते, उणे ७८.५ अंशांच्या कोरड्या बर्फाने तिथेच गोठते आणि सगळा लगदा सिमेंटसारखा बांधला जातो. निर्वातात पाणी द्रवरूपात टिकत नाही. केंद्रकात ही पायरी कधी आलीच नाही. असा गोळा लिटरला एक किलोच्या पुढे सहज जातो, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट, आणि ताकद लाखपट. कोरडा बर्फ वापरायचाच असेल तर उघड्या हाताने नको, बंद डब्यात तर अजिबात नको, आणि खिडक्या उघड्या असाव्यात. त्याचा वायू जड असतो, खाली साठतो, बुटक्या मुलांच्या नाकापर्यंत आधी पोचतो. लेखात हा इशारा नव्हता. तो मात्र छापायलाच हवा होता.

आमची सूचना साधी आहे. गोळेवाल्याकडचा किसलेला बर्फ, लाकडी कोळशाची पूड आणि चुलीची चाळलेली राख. माती नको, पृथ्वीच्या गुरुत्वात तिचे कण एकमेकांत बसतात आणि वजन लगेच वाढते. डबा, चाळणी, चमचे सगळे आधी फ्रीझरमध्ये तासभर ठेवा. मे महिन्यात हे करूच नका, नागपूरच्या उन्हात किसलेला बर्फ चाळणीतच पाणी होतो. डिसेंबर-जानेवारीची सकाळ बरी. बर्फ आणि पूड थंड परातीत हलक्या हाताने एकत्र करा आणि एक लिटरच्या डब्यात चाळणीतून पडू द्या. ठोकायचे नाही, हलवायचे नाही, वरचे पट्टीने सरळ करायचे. मग वजन. डब्याचे वजन वजा करून ४५० ते ६०० ग्रॅमच्या मध्ये आले तर जमले. ७०० च्या वर गेले तर बहुधा बर्फ वितळून ओला झाला आहे किंवा कोणीतरी दाबले आहे, पुन्हा करा. मुलांना हे वजन करू द्यावे, त्यातच सगळा धडा आहे.

टकरीसाठी दोन गोल वाट्या घ्या, आतून पातळ प्लास्टिक लावा. पहिल्या वाटीच्या आतल्या बाजूने पांढरा थर, त्यावर काळा, मध्ये पुन्हा पांढरा, सगळे चाळूनच. दुसरीत रंगांचा क्रम उलटा. दोन तास फ्रीझरमध्ये ठेवले की कण सांध्यापुरते चिकटतात आणि अर्धगोल उलटा काढता येतो. एक परातीत पालथा ठेवा, दुसरा त्यावर ५ सेंटिमीटर उंचीवरून सोडा. तो खाली पोचेतो वेग होतो सेकंदाला एक मीटर. मग नव्या जोडीवर २० सेंटिमीटरवरून, म्हणजे दोन मीटर. शेवटी सव्वा मीटरवरून, म्हणजे पाच. पिंड एकमेकांना चिकटतीलच असे नाही, तिकडे त्यांना धरून ठेवायला त्यांची स्वतःची ओढ आहे आणि इथे पृथ्वीची ओढ आड येते. पाहायचे ते संपर्काच्या जागी किती चुरा झाला आणि थर कुठवर शाबूत आहेत. थंड सुरीने मधोमध कापा. कमी उंचीच्या जोडीत दोन वेगळे कांदे दिसायला हवेत. सव्वा मीटरच्या जोडीत बहुतेक परात पुसावी लागेल. सुरी ओली असेल तर कापलेली बाजू चमकते आणि थर एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात, म्हणून प्रत्येक कापानंतर ती कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवावी.

आपले,
विज्ञान शिकवणारे तीन वाचक,
नागपूर